रहस्यपटातला एक पुरावा किती हातांतून जातो

आपण विचारले आहे की, खुनी कोण हे लेखक ठरवतो, तो कसा उघड करायचा हे दिग्दर्शक ठरवतो आणि नट ते करून दाखवतात, तर मग रहस्यपटाच्या शेवटी पाच-पाच मिनिटे सरकत राहणाऱ्या दीड-दोनशे नावांचे काम नेमके काय असते आणि ते इतर चित्रपटांतल्या कामापेक्षा वेगळे असते का. मी १९९८ पासून मराठी आणि हिंदी चित्रपटांत कंटिन्यूइटीचे काम करते. चित्रपटातली दृश्ये कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. जागा, नटांच्या तारखा आणि उजेड यांच्या सोयीने ती उलटसुलट घेतली जातात, आणि पडद्यावर ती सलग लागल्यावर कपडे, वस्तू, वेळ, हालचाल यांचा मेळ बसेल हे पाहणे ही माझी जबाबदारी असते. त्यामुळे प्रत्येक खात्याशी माझा रोज संबंध येतो आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर मी ठामपणे देऊ शकते. काम वेगळे असते, कारण रहस्यपट दोन वेळा पाहिला जाईल असे धरूनच तो करावा लागतो. पहिल्या वेळी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर असलेला पुरावा त्याच्या लक्षात येता कामा नये. शेवट कळल्यावर तोच प्रेक्षक पुन्हा पाहायला बसला, तर तो पुरावा तिथे प्रामाणिकपणे ठेवलेला त्याला सापडला पाहिजे. एवढे साधायला एकटा दिग्दर्शक पुरत नाही.

हे एका उदाहरणाने सांगते. चित्रपट अलीकडचा आहे आणि त्याचे नाव मी देत नाही, कारण त्याचे रहस्य मला इथे पूर्ण उघड करावे लागणार आहे. जानेवारी २०२५ मध्ये घडणाऱ्या या कथेत एका छोट्या शहरात एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका घरात मृतावस्थेत सापडते. तिचा पुतण्या २५ तारखेच्या रात्री दुसऱ्या गावी एका लग्नात शंभर लोकांसमोर होता, आणि मृत्यू त्याच रात्री झाला असे सगळ्यांना वाटते, कारण दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत २६, २७ आणि २८ अशा तिन्ही दिवसांच्या दुधाच्या पिशव्या तशाच असतात. खरे तर बाईंनी २६ ला पहाटे दूध आत घेतलेले असते. खून त्यानंतर होतो आणि पुतण्या ती पिशवी परत बाहेर अडकवून जातो. त्याला एक गोष्ट ठाऊक नसते. दूध घेतल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत ‘१’ लिहायचा आणि खाड्याच्या दिवशी फुली मारायची, ही बाईंची अनेक वर्षांची सवय असते. २६ च्या चौकटीत ‘१’ आहे, म्हणजे २६ च्या सकाळी बाई जिवंत होत्या. एवढाच पुरावा आणि त्यावर दोन तासांचा चित्रपट उभा आहे.

लेखकांच्या पहिल्या मसुद्यात प्रेत २६ च्या दुपारीच सापडत होते. न्यायवैद्यकशास्त्राच्या ज्या डॉक्टरांना तो मसुदा वाचायला दिला, त्यांनी पहिल्याच बैठकीत कथा अडवली. मृत्यूनंतर शरीराला येणारा ताठरपणा जबडा आणि मान इथे काही तासांत दिसू लागतो आणि साधारण बारा तासांत सर्व शरीरभर पसरतो; त्यामुळे दुपारी प्रेत पाहणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला रात्री दहाचा मृत्यू आणि सकाळी सातचा मृत्यू यांतला फरक कळेल आणि रहस्य तिथेच संपेल, असे त्यांचे म्हणणे होते. जितका काळ जास्त जातो तितका मृत्यूच्या वेळेचा अंदाज सैल होत जातो, म्हणून प्रेत २८ च्या संध्याकाळी सापडावे, हा बदल त्यांनी सुचवला. दुधाच्या तीन पिशव्यांची कल्पना त्या बदलातूनच जन्माला आली. त्यांनी आणखी एक गोष्ट मेकअप करणाऱ्या दादांना समजावली. रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साकळून तिथे जांभळट डाग उमटतात आणि काही तासांनी ते पक्के होतात, त्यामुळे बाई ज्या कुशीवर पडलेल्या दाखवायच्या त्याच बाजूच्या गालावर आणि दंडावर तो रंग हवा. प्रेत उलटवल्यावर रंगाची बाजू बदलता कामा नये. पडद्यावर हे सारे मिळून जेमतेम चार सेकंद दिसते.

दुसरे सल्लागार निवृत्त पोलीस अधिकारी होते. १ जुलै २०२४ पासून पोलीस तपासाची कार्यपद्धती ठरवणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करणे बंधनकारक झाले, हे त्यांनी लेखकांच्या लक्षात आणून दिले. मूळ पटकथेत तपास अधिकाऱ्याला शेवटी कॅलेंडर आपोआप आठवत होते, जे मला कधीच पटले नव्हते. आता पंचनाम्याच्या दृश्यात एक शिपाई मोबाइलवर चित्रण करत घरभर फिरतो आणि पुढे, घराची साफसफाई होऊन कॅलेंडर रद्दीत गेल्यानंतर, अधिकारी तेच चित्रण पुन्हा पाहताना २६ च्या चौकटीपाशी थांबतो. चित्रपटाचा कळसाचा प्रसंग एका कायद्याच्या कलमातून आला, आणि तो सुचवणाऱ्याचे नाव शेवटच्या यादीत ‘सल्लागार’ या एका शब्दाखाली येते.

संवादलेखिकेचे काम मराठीत आणखी अवघड होते, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या भाषेत क्रियापदच बोलणाऱ्याचे लिंग सांगते. बाईंना येणाऱ्या निनावी फोनवर समोरची व्यक्ती ‘मी येतो’ म्हणाली की अर्धे संशयित बाद होतात, ‘मी येते’ म्हणाली की उरलेले अर्धे. त्यामुळे त्या व्यक्तीचे प्रत्येक वाक्य ‘मला सगळं ठाऊक आहे’, ‘कागद तयार ठेवा’, ‘उद्या भेट होईल’ अशा घडणीचे लिहावे लागले, आणि तरीही ते ओढूनताणून केल्यासारखे वाटू नये म्हणून घरातल्या इतर माणसांच्या तोंडीही अधूनमधून तशीच वाक्ये घालावी लागली. पुढे इंग्रजी सबटायटल करणाऱ्यालाही ही अडचण उलट बाजूने आली. मराठी माणूस त्या व्यक्तीविषयी बोलताना तिचे लिंग टाळू शकतो, पण इंग्रजीत दर वाक्याला पुरुष किंवा स्त्री असे सर्वनाम मागे लागते. त्याने ती वाक्ये चार वेळा बदलली.

आता कॅलेंडर. बाजारातले प्रसिद्ध कॅलेंडर वापरायचे तर त्या कंपनीची परवानगी हवी, म्हणून कला दिग्दर्शकाने स्वतःचे छापून घेतले. मात्र मराठी प्रेक्षक कॅलेंडर अंकांपुरते पाहत नाही. तो तिथी पाहतो, एकादशी पाहतो. जानेवारी २०२५ मध्ये २५ ला शनिवार आणि षट्तिला एकादशी, २६ ला रविवार, २९ ला अमावास्या, हे सारे बरोबर छापावे लागले. २६ ही तारीख लेखकांनी मुद्दाम निवडली होती, कारण रविवार आणि प्रजासत्ताक दिन यांमुळे त्या चौकटीत लाल छपाईची आणि ध्वजाच्या चित्राची इतकी गर्दी असते की, निळ्या बॉलपेनचा बारीक ‘१’ तिच्यात सहज मिसळून जातो. खिळ्याला दोऱ्याने बांधलेले बॉलपेन ही कला विभागातल्या एका सहायकाची भर. ते पेन लोंबकळताना दिसले की, या घरात कॅलेंडरवर रोज काहीतरी लिहिले जाते हे एकाही शब्दाशिवाय कळते.

अक्षराचा प्रश्न मी काढला. बाईंची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री एका दृश्यात कॅमेऱ्यासमोर ‘१’ लिहिणार होत्या, म्हणजे महिनाभराच्या बाकी खुणाही त्यांच्याच हातच्या हव्यात. कथेतल्या वेगवेगळ्या दिवसांसाठी आम्हाला सहा प्रती लागत होत्या: कुठे १० तारखेपर्यंतच्या खुणा, कुठे १९ पर्यंतच्या, कुठे २५ पर्यंतच्या. त्यांनी एक अख्खी दुपार मांडी घालून बसून त्या सहाही प्रती स्वतः लिहिल्या, आणि खाड्याच्या तारखा सगळ्या प्रतींत एकच असतील याची मी शेजारी बसून नोंद केली.

प्रॉपर्टी, म्हणजे दृश्यात लागणाऱ्या वस्तू, सांभाळणाऱ्या दादांची एक गोष्ट मला इथे सांगितलीच पाहिजे. खुनाच्या दिवसाचे स्वयंपाकघर मांडताना त्यांना यादीत ओट्यावर कुकर, ताटात आमटी-भाताचा उष्टा अंश असे लिहून दिलेले होते. त्यांनी कॅलेंडर पाहिले आणि विचारले, “ताई, आदल्या दिवशी एकादशी आहे ना? मग ह्यांच्या घरात भात कसा?” बाई उपवास करणाऱ्या आहेत हे पटकथेत दुसऱ्याच एका दृश्यात आले होते. आम्ही पाच जणांनी ती यादी वाचली होती आणि कोणाच्याही ध्यानात ते आले नव्हते. कुकर निघाला, वरीच्या तांदळाचे छोटे पातेले आणि ताकाचे भांडे आले. असे दादा युनिटमध्ये असले की मला झोप लागते.

माझी स्वतःची चूकही याच कॅलेंडरच्या बाबतीत झाली. पुतण्या घराच्या कागदांविषयी बोलायला येतो ते दृश्य कथेत २० जानेवारीचे आहे, पण चित्रीकरणात ते प्रेत सापडण्याच्या दृश्यानंतर दोन दिवसांनी आले, आणि त्या दिवशी भिंतीवर २५ पर्यंत खुणा असलेली प्रत राहिली. मी भिंतीजवळ जाऊन पाहायला हवे होते. घाई होती म्हणून मी आदल्या नोंदीवरून तक्त्यात बरोबरची खूण केली. पुढच्या तारखांवर आधीच खुणा असतील, तर कॅलेंडर हा पुरावाच उरत नाही. सगळा चित्रपट खोटा पडतो. संकलकाचा सहायक आवाज आणि चित्र जुळवत असताना त्याला ते दिसले, पण तोपर्यंत ते घर मालकाला परत दिलेले होते. ते चित्रण नऊ सेकंदांचे होते, म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने २१६ फ्रेम. कॅमेरा हलता असल्यामुळे व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर चित्रात बदल, करणाऱ्या एका मुलीने त्यातल्या प्रत्येक फ्रेममधून जादा खुणा पुसल्या आणि खालचा छापील कागद पुन्हा उभा केला. तिने काही केले आहे हे पडद्यावर कोणालाही कळत नाही.

पूर्वी ही सोय नव्हती. राजा परांजपे यांचा १९६४ चा ‘पाठलाग’ हा जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा चित्रपट, आणि दोन वर्षांनी त्यावरूनच राज खोसला यांनी हिंदीत केलेला ‘मेरा साया’. दोन्ही एका चेहऱ्याच्या दोन स्त्रियांवर उभे आहेत. फिल्मच्या काळात एकाच चौकटीत एका नटाची दोन रूपे दाखवायची, तर कॅमेरा पक्का बांधून भिंगाचा अर्धा भाग झाकायचा, एक बाजू चित्रित करायची, फिल्म मागे गुंडाळून झाकलेली बाजू बदलायची आणि त्याच फिल्मवर दुसरी बाजू घ्यायची, असा मार्ग होता. मधल्या वेळात नटाचे कपडे आणि केशरचना बदलायची, आणि त्याची नजर नेमकी कुठे होती हे कोणीतरी लक्षात ठेवायचे. एखाद्याचा कॅमेऱ्याला धक्का लागला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. मी काम सुरू केले तेव्हा आमच्या हातात पोलरॉइड कॅमेरा होता आणि प्रत्येक फोटोचा हिशेब द्यावा लागे. त्याच्याही आधीच्या लोकांनी हे काम वही आणि स्मरणशक्ती यांवर केले, याचा मला फार आदर वाटतो.

कॅमेरा आणि प्रकाश यांचे काम इथे दाखवण्याइतकेच न दाखवण्याचे असते. बाई दूध घेऊन आत येतात, ‘१’ लिहितात आणि चहा ठेवतात, हे चित्रपटाचे पहिलेच दृश्य आहे. त्यात तो दिवस कोणता हे सांगितलेले नाही. छायाचित्रकाराने बाईंचा चेहरा स्पष्ट आणि मागचे कॅलेंडर किंचित धूसर राहील, तरी नीट पाहणाऱ्याला चौकट वाचता येईल, असे भिंग आणि छिद्र निवडले. बाई दोन पावले मागे सरकतात तेव्हा फोकस ओढणाऱ्याने तो त्यांच्या डोळ्यांवर ठेवायचा, कॅलेंडरवर जाऊ द्यायचा नाही. अर्ध्या वितीची चूक झाली की रहस्य फुटते. खिडकीतून येणारा उजेड नेमका लाल चौकटीवर पडत होता, तो लाइटमननी लहान कटर लावून अडवला.

आवाजाविषयी जरा जास्त बोलायला हवे, कारण रहस्यपटात प्रेक्षक डोळ्यांनी सावध असतो, पण कानांनी तितका नसतो. चित्रीकरणाच्या वेळीच आवाज घ्यायचा असल्यामुळे घरातला पंखा बंद ठेवावा लागला. आणि दिग्दर्शकाला कॅलेंडरचे पान हलकेच फडफडायला हवे होते, म्हणून एक सहायक चौकटीबाहेर बसून पानाच्या कोपऱ्याला बांधलेला नायलॉनचा दोरा ओढत राहिला. पुढे ध्वनी आरेखन करणाऱ्याने याच दृश्यात दूरवर शाळेच्या मैदानातला ढोल-ताशा आणि ‘सावधान’ असा अस्पष्ट हुकूम घातला. राष्ट्रगीत किंवा कोणतेही गाणे त्याने टाळले, कारण ते ऐकू आले की तारीख लगेच कळते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो सकाळचा नेहमीचा गलबला वाटतो; दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला कळते की, बाईंची ही शेवटची सकाळ आपण पहिल्याच मिनिटात ऐकली होती. बॉलपेनची खरखर फोली कलाकाराने, म्हणजे पडद्यावरच्या हालचालींचे आवाज नंतर तयार करणाऱ्याने, वेगळी केली. टेबलावरच्या कागदावर लिहिल्याचा आवाज आणि खिळ्याला टांगलेल्या, मागे पोकळी असलेल्या कागदावर लिहिल्याचा आवाज यांत फरक असतो, आणि तो मिळेपर्यंत त्याने भिंतीवर वेगवेगळ्या जाडीचे कागद टांगून पाहिले. यश चोप्रा यांच्या १९६९ च्या ‘इत्तेफाक’मध्ये एकही गाणे नव्हते, आणि त्या चित्रपटासाठी ध्वनिमुद्रक एम. ए. शेख यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, हे मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगते. संगीतकाराने आमच्या पहिल्या दृश्याला पार्श्वसंगीत दिलेच नाही, आणि ती शांतता वेगळी वाटू नये म्हणून पुढची दोन घरगुती दृश्येही कोरी ठेवली.

संकलनात आम्हा सगळ्यांना एक घाव सोसावा लागला. कॅलेंडरच्या चौकटीचा जवळून घेतलेला एक तुकडा होता, ज्यासाठी अर्धा दिवस गेला होता. पहिली जुळणी ज्या थोड्या लोकांना दाखवली, त्यांतले बरेच जण तो तुकडा पाहताच कॅलेंडरवर संशय घेऊ लागले. संकलकाने तो काढून टाकला आणि लांबून घेतलेले चित्रण पुरेसे आहे असे सांगितले. ते बरोबर होते. रहस्यपटात संकलक हा शेवटचा लेखक असतो असे मी मानते. पुण्यात घडणाऱ्या २०१८ च्या ‘अंधाधुन’मध्ये तर संकलक पूजा लढा सुरती यांचे नाव पटकथेच्या पाच लेखकांतही आहे, आणि त्या चित्रपटाला पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

एक अडचण अगदी वेगळ्या दिशेने आली. तपास अधिकारी सिगारेट ओढत मोबाइलवरचे चित्रण पाहतो, असे लिहिलेले होते. पडद्यावर तंबाखू दिसली की खाली इशारा द्यावा लागतो, आणि त्या चित्रणात २६ ची चौकट नेमकी पडद्याच्या तळाशी येत होती. हे निर्मिती विभागातल्या ज्या मुलाकडे प्रमाणपत्राचे कागद होते, त्याने चित्रीकरणाच्या आदल्या रात्री ओळखले. अधिकाऱ्याच्या हातात चहाचा पेला आला.

परवानग्या मिळवणारे, पहाटे चारला जनरेटर व्हॅन लावणारे, जेवण आणणारे, गाड्या चालवणारे, हिशेब ठेवणारे यांच्याविषयी मी इथे थोडक्यात लिहिते, कारण त्यांचे काम कोणत्याही चित्रपटात तेच असते. रहस्यपटात त्यांच्यावर एक जादा भार येतो, तो गुपित राखण्याचा. शेवटच्या दृश्याची पाने आमच्याकडे मोजक्या लोकांना, प्रत्येकाचे नाव छापून दिली होती. पण सेटवर शंभर माणसे ते दृश्य डोळ्यांनी पाहतात, आणि प्रदर्शन होईपर्यंत सहा-सात महिने त्यांतल्या कोणी कुठे बोलून चालत नाही. झलक (ट्रेलर) कापणाऱ्याला तर सारे माहीत असूनही निम्मे वापरता येत नाही. आमच्या झलकेत कॅलेंडर एकदाही नव्हते. दुधाच्या पिशव्या मात्र तीन वेळा होत्या.

शेवटी जी नावे सरकतात, ती यादी तपासण्याचे काम बहुधा दिग्दर्शकाच्या सहायकांकडे आणि माझ्याकडे येते. मी सुरुवात नेहमी सेटिंग, प्रॉपर्टी आणि लाइट यांच्यापासून करते, कारण तिथे माणसे रोजंदारीवर बदलत असतात आणि गळतात तीच नावे. या चित्रपटाच्या पहिल्या यादीत तीन नावे नव्हती: कटर लावणारे लाइटमन, नायलॉनचा दोरा ओढणारा सहायक, आणि एकादशी ओळखणारे दादा. निर्मिती विभागाने ती त्याच दिवशी घातली.